गुण कशानं आला?

१९९७ च्या ऑगस्टमध्ये हळद अमेरिकेत जिंकली, हे आपण अजूनही कौतुकानं सांगतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय लेखापर्यंतचे पुरावे मांडले आणि पेटंट रद्द झालं. लढाई रास्त होती, जिंकायलाच हवी होती. पण निकाल नेमका काय लागला? हळदीचा हा वापर नवा नाही, एवढाच. हळदीनं जखम बरी होते की नाही, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. आपण मात्र गावी परतताना दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन आलो. जुनं आहे म्हणजे पारखलेलं आहे, असा समज तेव्हापासून आणखीच घट्ट झाला.

घरगुती उपायांचा सगळा पसारा याच समजावर उभा आहे. बोट कापलं की हळद किंवा कॉफीची पूड, शेतात खुरपं लागलं की दगडी पाल्याचा रस, कुऱ्हाड बसली की विडीची राख, तंबाखू, चुना. यातले काही उपाय निरुपद्रवी आहेत. दगडी पाल्यावर प्रयोगशाळेत, उंदरांवर कामही झालं आहे. बोटाला लागलेल्या विळीच्या धारेला कुणी हळद लावली म्हणून आभाळ कोसळत नाही. खोल जखमेत डब्यातली हळद कोंबली की मात्र दुखणं वाढतं, कारण टाके घालण्याआधी डॉक्टरला ती पूड कणाकणानं धुऊन काढावी लागते, आणि ती काढेपर्यंत आतली शीर तुटली आहे की स्नायू, हे दिसत नाही. रक्त थांबवायला स्वच्छ फडक्याचा घट्ट दाब पुरतो. पूड लावणाऱ्याचा हात जखमेवर दाबलेला असतो, रक्त त्या दाबानं थांबतं आणि नाव पुडीचं होतं.

शेण आणि माती यांची गोष्ट वेगळी. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत जागी होतात. नवजात बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावायची रीत देशाच्या अनेक भागांत होती, आणि आठवड्याभरात दूध ओढेनासं झालेलं, ताठ होऊन गेलेलं बाळ 'सटवीनं नेलं' म्हणून पुरलं जायचं. गरोदरपणातली टीटीची इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ पात्यानं कापलेली नाळ यांमुळे २०१५ साली भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हटला म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी. मोठ्यांचा धनुर्वात अजून अधूनमधून दिसतो, आणि त्यामागे बरेचदा अशीच एखादी क्षुल्लक म्हणून सोडलेली जखम असते.

या उपायांवर विश्वास कसा बसतो, हे पाहायचं तर साप, विंचू आणि कुत्रा या तिघांकडे जावं लागतं.

भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत, त्यांतल्या विषारी साठेक. माणूस मरतो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. म्हणजे धामण, दिवड, तस्कर किंवा कवड्या चावलेला माणूस मांत्रिकाकडे गेला काय आणि घरी झोपला काय, वाचणारच. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. मांत्रिकाच्या ओट्यावर येणाऱ्यांतले बहुसंख्य अशा रीतीनं आधीच वाचलेले असतात. तो कडुलिंबाचा पाला चघळायला देतो, कडू लागला तर विष नाही म्हणतो, कोंबडीची पिल्लं चाव्याला टेकवतो, काळा दगड चिकटवतो. माणूस उठून चालत घरी जातो आणि पंचक्रोशीत नाव होतं. उरलेले काही जण दगावतात, पण त्यांना 'आणायला उशीर झाला' होता, किंवा वाटेत कुणी तरी पाणी ओलांडलं होतं. या हिशेबात जमेची बाजू गावभर बोलली जाते आणि खर्चाची कुठंच लिहिली जात नाही.

मण्यार हे त्यातलं सगळ्यात दगलबाज प्रकरण. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा त्याला बहुधा जागही येत नाही. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरच्यांना वाटतं पित्त झालं असेल, किंवा बाहेरचं काही लागलं. दृष्ट काढली जाते, ओवा-सोडा दिला जातो, उजाडल्यावर देवऋषी बोलावला जातो. तोवर छातीचे स्नायू लुळे पडत आलेले असतात. माणूस शुद्धीवर असतो, आजूबाजूचं रडणं त्याला ऐकू येत असतं, फक्त डोळे उघडता येत नाहीत आणि श्वास ओढता येत नाही. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवलं तर काही दिवसांनी तो चालत घरी जातो. त्या पहाटेच्या चार तासांत तो कुठे होता, यावरच सगळं ठरतं.

घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच मोडतं. त्यामुळे ब्लेडनं चिरा मारून 'विष वाहू देणं' हा उपाय तिथं जीवघेणा ठरतो, कारण त्या चिरांतलं रक्त थांबतच नाही. घट्ट आवळलेल्या दोरीनं विष अडत नाही. हात-पाय मात्र रक्ताविना काळानिळा पडतो, आणि दवाखान्यात ती एकदम सोडली तर साचलेलं विष झपाट्यानं अंगभर पसरतं. तोंडानं विष शोषणं ही सिनेमातली करामत. प्रथमोपचार इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वासच बसत नाही: माणसाला धीर द्या, चावलेला अवयव लाकडी पट्टीला बांधून हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, चालायला लावू नका, उचलून न्या. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं, परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठी मराठी माणसाला ठाऊक आहे, आणि खात्रीचा उतारा म्हणून तेवढं एकच औषध आहे. मोबाइलवर फिरणारे 'साप चावल्यावर हे थेंब जिभेवर टाका' वगैरे निरोप म्हणजे जुन्याच मंत्राला नवा टाक.

आकडे पाहिले की चित्र भयाण आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०११ सालच्या देशव्यापी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती आणि मला ती या मोठ्या आकड्याहून जास्त बोलकी वाटते: सर्पदंशानं झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २३ टक्के दवाखान्यात झाले होते. बाकीचे घरी, वाटेत, कुणाच्या तरी ओट्यावर.

विंचवाची कथा आपल्या घरचीच आहे. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, मुलं तर हटकून. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते. ते रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. सुरुवातीला दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग काही तासांत फुप्फुसांत पाणी आणि तोंडाला फेस, असा क्रम त्यांनी मांडला आणि १९८२ पासून ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी वेळेवर दिली तर हा क्रम तोडता येतो, हे त्यांनी दाखवलं. गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण दोन-तीनांवर आलं. आता याच्या शेजारी 'विंचू उतरवणं' ठेवून पाहा. नुसती असह्य आग होणारा रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो आणि त्याची वेदना काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र म्हणत मांडीपासून घोट्यापर्यंत हात फिरवणाऱ्याच्या हाताखाली ती खरोखरच 'उतरते'. ज्याला वेदना कमी पण घाम फुटला आहे, पाय गार पडलेत, तो वरवर शांत दिसतो. त्याच्यावर तर मंत्र लवकर चालला असंच वाटणार.

कुत्र्याच्या बाबतीत फसवणूक महिन्यांनी उघडी पडते. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, आणि पिसाळलेलं असलं तरी रोग दिसायला साधारण एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. एवढ्या काळात जखमेत भरलेली मिरचीपूड, चुना, तेल यांना गुण आल्याचं प्रशस्तिपत्र केव्हाच मिळून जातं. मिरचीनं जखम चुरचुरते आणि विषाणू आणखी आत ढकलला जाण्याचा धोका असतो. पाण्याची भीती सुरू झाली की मग जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. यात दोष एकट्या लोकांचा नाही. सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटात टोचत, ओळीनं चौदा दिवस. त्या पोटातल्या इंजेक्शनांची दहशत दोन पिढ्यांनी अनुभवली, आणि भारतात ती लस बंद व्हायला या शतकाचं पहिलं दशक उजाडावं लागलं. आता लस दंडात, मोजक्याच वेळा. साबण आणि नळाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुणं, हा तर असा उपाय की त्याला पैसाही लागत नाही. पण 'चौदा इंजेक्शनं'ची धास्ती अजून वाडी-वस्तीवर माणसांना वैदूकडे पाठवते.

भाजण्याबद्दल प्रत्येक घराचा आपापला पक्ष असतो. कुणी टूथपेस्टवाला, कुणी निळ्या शाईवाला, कुणी तुपाचा तर कुणी अंड्याचा. पेस्ट लावल्याबरोबर गार वाटतं ते पुदिन्याच्या अर्कामुळे, आणि त्या थराखाली उष्णता कोंडून राहते. शाईनं कातडी रंगली की भाजणं किती खोल आहे, हे डॉक्टरला कळत नाही. तूप आणि पेस्ट खरवडताना वरची सोललेली त्वचाही निघते, आणि ते पाहणाऱ्या परिचारिकेला विचारा, पोरं कशी किंचाळतात. साधं, वाहतं, गार पाणी वीस मिनिटं. बर्फ नको. त्यापुढे स्वच्छ ओलसर फडकं.

पण भाजण्याच्याच प्रांतात आणखी एक इतिहास आहे, जो या वादात कुणी फारसा सांगत नाही. मुंबईचे शल्यविशारद डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी जळक्या जखमेवर वापरून पाहिली. साली गॉजवर बसवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि मग बांधायच्या. शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापले. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही, आणि खर्च जवळपास नाहीच. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मध घेतला. भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले, एकाला मध आणि दुसऱ्याला तेव्हाचं प्रचलित चांदीयुक्त मलम. १९९१ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत मधाच्या गटाच्या जखमा लवकर भरल्या होत्या. पुढे त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांचाच सामना लावला, त्यातही मध सरस ठरला.

एवढ्यावर थांबले असते तर ते आजच्या आयुर्वेदाच्या जाहिरातीत झळकले असते. पण १९९९ साली त्याच डॉक्टरांनी आणखी एक तुलना छापली: मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात लवकर शस्त्रक्रिया करून मेलेली त्वचा काढणं आणि कातडी बसवणं, आणि दुसरीकडे मध. शस्त्रक्रिया जिंकली. ज्या उपायानं आपलं नाव झालं, त्याची हद्द कुठं संपते हे स्वतःच मोजून सांगणारा माणूस मला या सगळ्या विषयातला नायक वाटतो. पारखणं म्हणतात ते हेच. स्वयंपाकघरातला मध आणि दवाखान्यातला मध यांतही फरक आहे, दुसरा निर्जंतुक केलेला असतो. कच्चा बटाटा किसून पोराच्या भाजलेल्या हातावर थापताना केसवानींचं नाव घेण्यात अर्थ नाही.

हाडवैद्यांकडे वळू. त्यांना सरसकट भोंदू म्हणणं अन्यायाचं होईल. निखळलेला खांदा बसवण्यात काहींचा हात सफाईदार असतो, आणि जागेवरून न हललेलं हाड कुणीही नीट बांधलं तरी जुळतं. घोटाळा होतो तो बांबूच्या कामट्या आणि दोरी आवळून बांधण्यात. जांभळीवरून पडलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या कोपराच्या वर हाड मोडतं, आत सूज वाढत जाते आणि बाहेरून पट्टी तसूभर हलत नाही. पोर रात्रभर रडतं. हाडवैद्य सांगतो, दुखणारच. बोटं निळी, गार, ती सरळ केली की किंकाळी, मग हळूहळू बधिर. पाच-सहा तासांत पंजा हलवणारे स्नायू मरायला लागतात. कधी हात कापावा लागतो, कधी वाचतो पण पंजा पक्ष्याच्या नखीसारखा वळून कायमचा आखडतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली हे आखडणं वर्णिलं होतं आणि घट्ट पट्टी हे त्याचं कारण तेव्हाच ओळखलं होतं. दुखणं थांबलं म्हणून आई-बाप सुटकेचा श्वास सोडतात, ती खरं तर हात मेल्याची खूण असते. प्लास्टर घट्ट झालं तर डॉक्टरच्या हातूनही हेच होतं, फक्त तिथं बोटांचा रंग पाहून प्लास्टर कापायचं शिकवलेलं असतं. आफ्रिकेत इथिओपियात हाडवैद्यांना हेच शिकवून पाहिलं, एका दिवसाच्या वर्गात, आणि हातपाय सडण्याचे प्रकार घटले. आपल्याकडे असा वर्ग घ्यायला हरकत कुणाची आहे, मला कळत नाही.

बिब्ब्याचं एवढ्यासाठी सांगायचं की तो खास मराठी उद्योग आहे. मुरगळलेला पाय, धरलेली कंबर, भेगाळलेली टाच, काही झालं की बिबवा तापवून त्याच्या तेलाचा चटका. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्ब्याच्या तेलातल्या द्रव्यांनी कातडीला असं वावडं येतं की पाय सुजून टरारून फोड येतात, ते पाझरतात, खाज अंगभर पसरते. लोक म्हणतात, बिब्बा उतला. आत मोडलेलं हाड तसंच राहतं आणि वर फोडांमुळे महिनाभर शस्त्रक्रियाही करता येत नाही.

डोळ्याचं दुखणं ऊसपट्ट्यात आणि भातखाचरात दर हंगामात येतं. उसाचं पात किंवा भाताचं कुसळ बुबुळाला घासून जातं. गावात जिभेनं डोळ्यातला कण काढून देणारी एखादी बाई असते, तिच्याकडे माणसं श्रद्धेनं जातात. कुणी तूप, कुणी बाळंतिणीचं दूध घालतं. पाल्यानं झालेल्या ओरखड्यात बुरशी वाढू शकते, आणि तिनं केलेला फुलाचा डाग दृष्टी घेऊन जातो. नेपाळमध्ये भक्तपूर इथं गावातल्याच स्वयंसेवकांना ओरखडा ओळखायला आणि प्रतिजैविक मलम घालायला शिकवलं होतं. पहिल्या अठरा तासांत मलम मिळालेल्या एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही, असं २००१ साली छापलेला अभ्यास सांगतो. गावाला घरापाशी उपाय हवा असतो. तो घरापाशी दिला तर गाव घेतं.

तसा तो दिला जात नाही, तिथंच मांत्रिकाची पेठ आहे. तो रात्री दोन वाजता दार उघडतो, पैशाचं नंतर पाहू म्हणतो, रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन 'इथं लस नाही, तालुक्याला न्या' हे ऐकलेला माणूस पुढच्या वेळी कुठं जाईल? १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, पण पावसाळ्यात ओढा आडवा आला की तीही पलीकडे थांबते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा स्पष्ट गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. कलम चांगलंच आहे. पण त्यासाठी कुणी 'रोखलं' असावं लागतं, आणि बहुतेकदा कुणी रोखत नाही. घरचेच आधी तिकडे नेतात, दवाखाना हा दुसरा थांबा असतो. प्रतिसर्पविष नसलेल्या केंद्रासाठी असं कुठलं कलम नाही, हेही इथंच नोंदवून ठेवतो.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला आणि नोव्हेंबरात सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची व मृत्यूची नोंद सक्तीची करावी, असं राज्यांना लिहिलं. नोंदीच्या त्या तक्त्यात वय, गाव, सापाची जात, दिलेल्या बाटल्या हे रकाने येतीलच. आणखी दोन टाकायला हवेत: चावल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती तास गेले, आणि तेवढा वेळ रुग्ण कुठं होता.